लायसन्सवरून सबस्क्रिप्शनकडे: मधली वर्षं कशी काढायची?

प्रश्न
मोठी सॉफ्टवेअर कंपनी एकरकमी लायसन्सवरून सबस्क्रिप्शनवर न्यायची आहे. उत्पन्न आधी घसरणार हे माहीत आहे. तोवर संचालक मंडळाला काय दाखवायचं? आणि सेल्सवाले जुनंच विकत बसतात, त्यावर उपाय?

प्रतिसाद १
आधी खड्डा मोजा. समजा लायसन्स १०००, सबस्क्रिप्शन महिना ४०. वर्षाचे ४८० झाले, पण ग्राहक वर्षभर थोडे थोडे येतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या हिशोबात सरासरी २४०च पडतात. १००० वसूल व्हायला २५ महिने. खर्च तेवढाच. म्हणजे ग्राहक जितक्या झपाट्याने वळतील तितका नफा वाईट दिसणार! हे मंडळाला आधीच गणित मांडून सांगा, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

फोटोशॉपवाली ॲडोबी बघा, तिनेही लायसन्सवरून सबस्क्रिप्शनकडे उडी मारली: २०१२ ला उत्पन्न ४४० कोटी डॉलर, २०१३ ला ४०६, २०१४ ला ४१५, २०१५ ला ४८०. निव्वळ नफा तर २०१३ मध्ये ८३ कोटींवरून २९ कोटींवर आला. त्या काळात ते दर तिमाहीला सबस्क्राइबरची संख्या आणि एआरआर (चालू सबस्क्रिप्शनमधून वर्षभरात येणारी रक्कम) जाहीर करत होते. तुम्ही त्यात गळतीचा दरही (किती ग्राहक सोडून जातात) जोडा, नाहीतर एआरआर फसवतो.

प्रतिसाद २
सेल्सवाले आळशी नसतात, कमिशन बघतात. लायसन्सवर १००० चं आणि सबस्क्रिप्शनवर ४८० चं कमिशन दिलंत तर कोण वळेल? दोन वर्षं तरी दोन्हीवर सारखी रक्कम द्या. ग्राहक १२ महिन्यांच्या आत गेला तर काही भाग परत घ्या, नाहीतर कोणालाही गळ्यात मारतील.

प्रतिसाद ३
कमिशन ठीक, पण खरी अडवणूक वर होते. प्रत्येक विभागप्रमुखाचा बोनस स्वतःच्या विभागाच्या नफ्यावर असेल तर जुन्या उत्पादनाचा प्रमुख नव्याला पाय ठेवू देणार नाही. आयबीएमला १९९३ मध्ये सुमारे ८१० कोटी डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षी प्रमुख म्हणून आलेल्या गर्स्टनर यांनी वरिष्ठांचे बोनस संपूर्ण कंपनीच्या निकालाशी बांधले. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१४ मध्ये प्रतिस्पर्धी ॲपलच्या आयपॅडसाठी ऑफिस आणलं. विंडोजच्या विभागाला विचारत बसले असते तर ते बाहेर पडलं असतं का?

प्रश्नकर्ता
आणि जुनी आवृत्ती? लगेच बंद करायची?

प्रतिसाद १
नको. ॲडोबीने २०१३ मध्ये सांगितलं की नवी फीचर्स फक्त क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये (त्यांच्या सबस्क्रिप्शनमध्ये) येतील. सीएस६ (एकरकमी लायसन्सची शेवटची आवृत्ती) मात्र पुढे काही वर्षं विकत मिळत राहिलं. सुरक्षेचे पॅच किती काळ देणार ती तारीख लेखी द्या आणि पुढे ढकलू नका. एकदा ढकललीत की बाकीचे ग्राहक पुढच्या मुदतवाढीची वाट बघत बसतात.