फाशीची घटनात्मकता आणि इंदूरचा खटला
राज्यघटनेचे कलम २१ जीविताचा हक्क देते म्हणून फाशी आपोआपच घटनाबाह्य ठरते, हे मत मला पटत नाही. तेच कलम कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धतीनुसार जीवित हिरावून घेण्यास वाव ठेवते आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात बचनसिंग खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी वैध ठरली; मात्र ती फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, अशी कसोटी आखली गेली. खरी अडचण फाशी कोणाला द्यायची, या निवडीची आहे. इंदुरातील २०११ चे तिहेरी हत्याकांड आम्हा इथल्यांना आठवते (तेव्हा मीही फाशीच मागत होतो). त्याच प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली आणि आरोपीची मानसिक स्थिती, पार्श्वभूमी व तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयातच मागवावी, असे निर्देश दिले. म्हणजे ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आखल्यानंतर हे सांगायला ४२ वर्षे लागली.