मदत हवी आहे: बटाट्याच्या वाफ्यातलं गवत काढू की नको?

पाणथळ_शिवार: उद्या सकाळी लागवड आहे, लवकर सांगा. शेजारचे आजोबा म्हणतात, गवत उपटू नकोस, त्यावरच समुद्राचं शेवाळ पसर आणि बटाटे ठेव. बायको म्हणते, सगळं गवत वर येईल. ट्रेलरभर शेवाळ आणून ठेवलंय, वास सुटलाय. मीठ धुऊन काढायचं का?

मंचरची_माती: गवत ठेवून बटाटा होतो का कुठे? आडवी-उभी नांगरट करा, शेणखत घाला, सऱ्या पाडा. आमच्या सातगाव पठारावर असंच करतात. हरळी राहिली तर वर्षभर खुरपत बसाल.

मेयोवाली: दादा, आधी गाव सांगा. जमीन कशी? बेणं कोणतं?

पाणथळ_शिवार: आयर्लंड, गॉलवे. कॉनेमाराचा किनारा. वीतभर खणलं की खडक, पाणी साचतं. बेणं कर्स पिंक, मोड आलेलं. आता गवताचं सांगा!

मेयोवाली: आजोबांचं ऐका. तीन-चार फुटांचा पट्टा आखा. गवतावर शेवाळ, त्यावर बेणं. मग दोन्ही बाजूंनी चर खणत हिरवळीचे थर उलटे, गवत खाली करून, पट्ट्यावर पाडा. दोन गवतं समोरासमोर दबून कुजतात, त्यांचंच खत होतं. चरातून पाणी निघून जातं. याला 'लेझी बेड' म्हणजे आळशी वाफा म्हणतात, पण कंबर मोडते! शेवाळ इकडे आयर्लंडमध्ये कुणी धुत नाही, पाऊस धुतो.

मंचरची_माती: मीठ मुळाला लागणारच. मी तरी धुतलं असतं.

मेयोवाली: तुमच्याकडचा पाऊस चार महिन्यांचा, इथला बाराही महिने.

जुनी_पानं: पश्चिम आयर्लंडच्या डोंगरउतारांवर या वाफ्यांचे वरंबे अजून दिसतात. 1845 मध्ये करपा, म्हणजे बटाटा कुजवणारा रोग, आला तेव्हा गरिबांची भिस्त 'लंपर' या एकाच वाणावर होती. पीक गेलं, दुष्काळ पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. ते वरंबे बघून गलबलतं.

मेयोवाली: करपा अजूनही येतो. जूनपासून हवामान खात्याच्या करप्याच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवा. कर्स पिंक त्याला बळी पडतो, पुढच्या वर्षी 'सार्पो मिरा' लावा. आणि घाई कसली? सेंट पॅट्रिक्स डेला, 17 मार्चला लावायचा रिवाज आहे खरा, पण कर्स पिंक एप्रिलमध्येही चालतो.

चुलीपाशी: काढल्यावर बटाटे उजेडात ठेवू नका, हिरवे पडतात. हिरवा भाग कडू आणि विषारी.

मेयोवाली: शेवाळ वाहून आलेलं की खडकावरून कापलेलं? कॉनेमाऱ्यात काही ठिकाणी कापायचा हक्क ठरावीक घरांकडे असतो.

पाणथळ_शिवार: कापलंय. आजोबांकडे जाऊन विचारतो.