मदत हवी आहे: सुदानसाठीचे अर्पण कोणत्या मार्गाने पाठवावे?

एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा देणारे शरणपूर ज्या नाशिकमध्ये आहे, तेथील आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) १५ एप्रिल २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानसाठी अर्पण गोळा केले आहे. त्यात एका आजींनी रुमालाची गाठ सोडून दिलेल्या दहाच्या नोटाही आहेत.

बँकेत चौकशी केली असता, परदेशी रक्कम पाठवण्याची एलआरएस (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम) ही रिझर्व्ह बँकेची सवलत केवळ व्यक्तींना आहे, ट्रस्टला नाही, असे समजले. एखाद्या सभासदाच्या नावाने पैसे पाठवणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण पै-पैचा हिशेब मंडळीपुढे ठेवायचा आहे. मदत धर्म न पाहता वाटली जावी, हीही आमची अट आहे.

भारतातच देणगी स्वीकारून ती सुदानी निर्वासितांपर्यंत रीतसर पोहोचवणाऱ्या संस्थेचा आपल्या मंडळीला प्रत्यक्ष अनुभव आहे का, आणि विनियोगाचा अहवाल मिळाला का?