व्हिटॅमिन डीचे दोन रिपोर्ट, दोन एकके : ताडून कसे पाहावेत?

माझ्या सासूबाईंच्या (वय ६३, इंदिरानगर, नाशिक) व्हिटॅमिन डीच्या रक्ततपासणीविषयी जाणकारांचे, विशेषतः लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे, मार्गदर्शन हवे आहे.

गुडघे व पोटऱ्या सतत दुखत असल्याने दिवाळीनंतर डॉक्टरांनी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही (शरीरातील साठा दाखवणारी) तपासणी लिहून दिली. कॉलेज रोडवरील लॅबमध्ये १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असा आकडा आला आणि ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून घेणे सुरू झाले. कोर्स संपल्यावर घराजवळच्या दुसऱ्या लॅबचा आकडा ५८ आला, तेव्हा ‘चौपट वाढले’ म्हणून घरातली मंडळी निर्धास्त झाली. परंतु त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत नॅनोमोल प्रति लिटर छापलेले आहे. अडीचने भागल्यास हे जेमतेम २३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतात, म्हणजे ३० ची मर्यादा धरणाऱ्या लॅबच्या लेखी अजून अपुरे, तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये सांगितलेल्या २० च्या निकषाने पुरेसे.

त्यातही मला २३ ची खात्री वाटत नाही. मधल्या काळात सासूबाईंनी केस गळतात म्हणून बायोटिनची (एक बी जीवनसत्त्व) गोळी सुरू केली असून पाकिटावर १० मिलिग्रॅम लिहिले आहे. उपाशीपोटी जाण्याची गरज नसल्याने त्या दिवशी नाश्त्यानंतर गोळी घेऊनच त्या रक्त द्यायला गेल्या. दुसऱ्या रिपोर्टवर ईसीएलआयए (प्रतिपिंडे व प्रकाशाच्या साह्याने मोजणारी) पद्धत नमूद आहे, आणि मोजणीत बायोटिनच वापरणाऱ्या अशा काही किटमध्ये रक्तातील जादा बायोटिनमुळे व्हिटॅमिन डी आहे त्यापेक्षा अधिक दिसू शकते.

अशा वेळी गोळी किती दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त द्यावे, आणि ते पहिल्याच लॅबमध्ये देणे योग्य ठरेल का? एलसी-एमएस (घटक वेगळे करून रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या) पद्धतीने ही तपासणी नाशिकमध्येच होते की नमुना मुंबई-पुण्याला पाठवला जातो? काउंटरवरील मुलाने ‘अॅक्टिव्ह व्हिटॅमिन डी’, म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी, ही महागडी तपासणी सुचवली. मात्र मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे हे रूप रक्तात काही तासच टिकते आणि कमतरता असतानाही पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियमचे नियंत्रण करणारे संप्रेरक) वाढून त्याची पातळी नॉर्मल राखू शकते. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार नसताना ती कशासाठी करायची, हे मला उमगत नाही.

डॉक्टर पुढच्या महिन्यात भेटतील आणि तोपर्यंत आम्ही आपल्या मनाने पुड्या वाढवणार नाही. त्यामुळे कृपया डोस न सुचवता केवळ तपासणीविषयी सांगावे.