चिडवणाऱ्यांसोबत हसणाऱ्या मुलाशी बोलायला सिनेमे सुचवा

नमस्कार, जरा मदत हवी आहे. मुलगा सहावीत आहे, वय ११. त्याच्या स्कूल व्हॅनमधला एक मुलगा बोलताना अडखळतो आणि दोघंतिघं त्याची नक्कल करतात, म्हणजे तो "काका, प-प-पाणी" म्हणाला की मागून कोरसमध्ये "प-प-पाणी" सुरू आणि अख्खी व्हॅन हसते. त्यात आमचाही. हे मला त्या मुलाच्या आईकडून कळलं. शाळेशी आणि व्हॅनवाल्या काकांशी आम्ही दोघी मिळून बोललोय, ते चालू आहे, त्याबद्दल विचारत नाहीये. प्रश्न घरातला आहे. समोर बसवून विचारलं की हा "मी काहीच नाही केलं" एवढंच म्हणतो, आणि त्याच्या लेखी ते खरंच आहे, नक्कल दुसऱ्यांनी केली, हा फक्त हसला.

सिनेमा बघताना मात्र बोलतो. 'वंडर' (२०१७) लावला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ऑगीचा चेहरा जन्मापासून वेगळा, २७ ऑपरेशनं झालेली, आई घरीच शिकवत असते आणि पाचवीत तो पहिल्यांदा शाळेत जातो. मला वाटलं होतं त्रास देणाऱ्या ज्युलियनवरून विषय निघेल, पण हा अडकला जॅकवर. जॅक ऑगीचा मित्र, पण हॅलोविनच्या दिवशी ज्युलियनच्या टोळक्यात बसून ऑगीबद्दल फार वाईट बोलतो आणि मुखवटा घातलेला ऑगी तिथेच उभा राहून ऐकतो. तिथे याने पॉज करायला लावलं आणि म्हणाला, "आई, त्याला तसं म्हणायचं नव्हतं गं, पण नाही बोलला तर ते याच्यावरच हसले असते." मी फक्त "मग काय करायचं त्याने?" विचारलं आणि व्हॅनचा विषय त्याने आपणहून काढला. नाही हसलो तर उद्या माझा नंबर, ही भीती आहे त्याच्या मनात. शेवटाकडे हेडसरांच्या खोलीत ज्युलियनचे आईवडील त्याची बाजू घेतात, तो सीन मुलांपेक्षा आपण पालकांनी नीट बघावा असं मला मनापासून वाटतं.

तर मला असे सिनेमे हवेत ज्यात ही मधली मुलं दिसतात. 'कराटे किड' झाला, पण त्यातून याने काढलेला अर्थ असा की मारामारी शिकली की प्रश्न मिटला. 'तारे जमीन पर' सगळ्यांना आवडला पण त्यात जास्त चुकतात ती मोठी माणसं. 'स्टॅनली का डब्बा' (२०११) मात्र छान कामाला आला, डबा आणत नाही म्हणून स्टॅनलीच्या मागे लागतात ते सर, आणि वर्गातली पोरं आपले डबे सरांपासून लपवून त्याच्यासोबत खातात, कोणी भाषण देत नाही काही नाही, नुसती त्याच्या बाजूने उभी राहतात. अशी अजून उदाहरणं हवीत. सासूबाई पण सोबत बसतात, त्यामुळे मराठी किंवा हिंदी असेल, निदान डब केलेला असेल तर बरं, सबटायटल त्यांना जमत नाहीत.

आणि दोन सिनेमांबद्दल खास विचारायचंय. 'अ सायलेंट व्हॉइस' हा जपानी अॅनिमेशनपट (२०१६), सहावीतली मुलं ऐकू न येणाऱ्या मुलीची श्रवणयंत्रं फेकतात, वर्ग हसतो, आणि अंगाशी आल्यावर हसणारे सगळे नामानिराळे होऊन एकाच मुलाकडे बोट दाखवतात. अगदी हवं तेच आहे, पण त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे म्हणून हात आखडतोय. तुम्ही कोणत्या वयाला दाखवला?

दुसरा 'फँड्री'. शेवटी जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावत असतो आणि वर्गातली पोरं बघत हसत असतात, तो सीन बघून माझ्या पोराला हसणाऱ्यांत उभं असणं म्हणजे काय ते कळेल असं वाटतं. पण तिथलं हसणं जातीतून आलेलं आहे, ते बाजूला ठेवून नुसतं "चिडवू नये" एवढंच सांगणं मला पटत नाही. जातीबद्दल आधी बोलून मग दाखवला की आधी दाखवून मग बोललात? शिव्यांचं काय केलंत? ज्यांनी या वयाच्या मुलांसोबत बघितलाय त्यांनी प्लीज नुसतं नाव न देता मुलांनी काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत ते पण लिहा.