मदत हवी आहे : नवऱ्याचा काउंट ९ आला, डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा

प्राजक्ता_सडा : बाळासाठी दीड वर्ष प्रयत्न चालू आहेत. माझं सगळं नॉर्मल आहे. काल नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला, शुक्राणूंचा काउंट ९. डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध नको, तीन महिन्यांनी परत तपासू. तीनच महिने का? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर चालणार नाही का? सासूबाई दर महिन्याला "या वेळी काही?" विचारतात. प्लीज लवकर सांगा, मला थांबवत नाहीये.

रानवारा : ९ म्हणजे ९ दशलक्ष प्रति मिली का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १६ आहे. मोटिलिटी, म्हणजे शुक्राणूंची हालचाल, किती? तुमचं वय? 'सगळं नॉर्मल' म्हणजे काय काय तपासलं?

अण्णा_सांगली : रोज रात्री अश्वगंधा दुधातून द्या. माझ्या पुतण्याला चार महिन्यांत गुण आला.

रानवारा : अण्णा, चार महिन्यांत काउंट आपोआपही सुधारला असेल. अर्धा रिपोर्ट वाचून औषध सांगू नका.

अण्णा_सांगली : घरातलं डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतोय.

प्राजक्ता_सडा : हो, दशलक्ष प्रति मिली. पुढे जाणारे २२ टक्के. मी ३१. सोनोग्राफी, थायरॉईड, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याची रक्ततपासणी), ट्यूबची तपासणी, सगळं झालंय.

सूक्ष्मदर्शक : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २० वर्षं काढली. सॅम्पल तिथेच दिलं की घरून नेलं? आधीच्या वीर्यपतनापासून किती दिवसांचं अंतर होतं? जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं? गेल्या तीन महिन्यांत ताप?

गौरी_ठाणे : अगं, सरळ आयव्हीएफ कर. १९८६ मध्ये केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजांनी भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, आता तर किती सोपं झालंय.

बखरकार : पहिलं कोलकात्याचं, डॉ. सुभाष मुखर्जींचं, ३ ऑक्टोबर १९७८. ते हयात असताना त्यांचं काम कोणी मानलं नाही, म्हणून आपणही विसरायचं का?

रानवारा : मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा.

प्राजक्ता_सडा : घरून नेलं. डबी पर्समध्ये होती. सिंहगड रोडला ट्रॅफिक, पोचायला सव्वा तास लागला. अंतर दोन आठवडे. इंजेक्शनं नाहीत. ताप म्हणाल तर गणपतीनंतर डेंगी झाला होता, पाच दिवस १०३. पण तो पूर्ण बरा झाला, म्हणून डॉक्टरांना सांगितला नाही.

सूक्ष्मदर्शक : हेच आधी सांगायला हवं होतं! वृषणं शरीराबाहेर असतात ती उगीच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश सेल्सिअसने थंड जागा लागते. १०३ तापात ते काम बिघडतं. एक शुक्राणू घडायला साधारण ७० दिवस, वर बाहेर पडायच्या तयारीला आणखी दोनेक आठवडे. काल जे मोजले त्यातले बरेच तापाच्या दिवसांत घडत होते. म्हणून तीन महिने. पुढच्या आठवड्यात परत केलंत तर तीच तुकडी मोजाल.

मोटिलिटीचं वेगळं. सव्वा तास उशीर आणि दोन आठवड्यांचं अंतर, दोन्हींनी ती घसरते. पुढच्या वेळी अंतर २ ते ७ दिवस ठेवा, सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्या. नाहीतर डबी अंगाशी धरून तासाच्या आत पोचवा. उशिराने काउंट मात्र कमी होत नाही, आणि जास्त अंतराने तो उलट वाढतो. म्हणून ९ सोडून देऊ नका. मधल्या काळात युरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे तिथल्या फुगलेल्या शिरा, तपासून घ्या.

अण्णा_सांगली : डेंगीत पपईच्या पानांचा रस दिला होता का?

प्राजक्ता_सडा : फाईल काढली. ताप १९ सप्टेंबरला सुरू झाला. मग तीन महिने तिथून मोजायचे की रिपोर्टपासून?

सूक्ष्मदर्शक : ताप उतरला तिथून मोजलं तर डिसेंबरअखेर. पण डॉक्टरांना डेंगी माहीतच नाही. उद्या फाईल घेऊन जा, तारीख त्यांना ठरवू दे.

प्राजक्ता_सडा : सकाळी दहाला ओपीडी उघडते. दोघं जातो.