अनुभव हवेत: लेक घरी आल्यावरची पहिली दिवाळी, पहिला ख्रिसमस

नमस्कार मंडळी. आमची दत्तक लेक ऑगस्टमध्ये घरी आली. आम्ही न्यू जर्सीत, ती महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून, वय साडेचार. (यापेक्षा जास्त लिहीत नाही, तिची गोष्ट आहे ती. तुम्हीही मुलांची नावं-गावं टाकू नका प्लीज.) कारावर (दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था) नोंदणी केल्यापासून होम स्टडी (म्हणजे आमच्या घराची, आमची तपासणी), एनओसी, कलेक्टरची ऑर्डर, पासपोर्ट, व्हिसा यात तीन वर्षं गेली आणि त्या तीन वर्षांत मी डोक्यात दिवाळी रंगवून ठेवलीय, परकर-पोलकंसुद्धा शिवून आणलंय.

पण गणपतीत जरा धक्का बसला. मैत्रिणीकडे आरतीला गेलो, तीसेक माणसं, येऊन महिनाही झाला नव्हता. ही ज्या त्या काकूच्या मांडीवर जाऊन बसत होती, सगळे म्हणे किती गोड, लगेच रुळली! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्री दोन तास किंचाळत होती, आणि सकाळी मला विचारते, आता कुणाकडे जायचं? आमची सोशल वर्कर म्हणाली याला रुळणं म्हणत नाहीत, आपलं माणूस कोण हेच तिला अजून ठरवता आलेलं नाही.

तर दिवाळीला माणसं बोलवायची का? थँक्सगिव्हिंगला जाऊबाईंकडे डॅलसला विमानाने जायचं ठरलंय ते रद्द करू का? ज्यांची मुलं अशीच लांबून आली त्यांनी लिहा, काय चुकलं तेही लिहा.

*

डॅलसचं वाचून हसू आलं, मी तिथेच असते, पण तुमची जाऊ नव्हे! मुलगा पाचचा असताना आला, आता दोन वर्षं झाली. संस्थेत सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशी म्हणतात हे तुम्हाला माहीतच असेल, तर तो मलाही मावशीच म्हणायचा, सहा महिने. दिवाळीला माझी सख्खी बहीण आली, आम्ही आपलं उत्साहात "बघ, मावशी आली!" त्याने तिच्याकडे बघितलं, माझी चप्पल उचलून दाराशी नेऊन ठेवली आणि मला टाटा केला. म्हणजे माझी ड्युटी संपली, आता ही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यानंतर बहिणीला सगळे नावाने हाक मारायला लागलो, वर्षभर.

दुसरं म्हणजे बॅग. ख्रिसमसला फ्लोरिडाला जायचं म्हणून बॅगा काढल्या तर जेवेचना. त्याच्या आयुष्यात बॅग एकदाच भरली गेली होती आणि तेव्हा सगळंच बदललं, त्याचं तरी काय चुकलं. मग नवऱ्याला सुचलं, त्याची उशी आणि टूथब्रश त्याला दाखवून मुद्दाम घरीच ठेवले, हे इथे थांबतंय कारण आपण परत इथेच येतोय. तिकडे दुसरा ब्रश घेतला. तरी परत आल्यावर आधी पळत जाऊन उशी बघितली त्याने.

ताई, डॅलसला या वर्षी नका येऊ.

*

आम्ही लंडनजवळ. आमचा मुलगा ओडिशातला, सहा वर्षांचा, मराठी शून्य, इंग्लिश शून्य. भात आणि पाणी हे दोन शब्द उडियातही जवळपास तेच निघाले, पहिला आठवडा त्यावर काढला.

फटाक्यांची तयारी केली होती, कारण इथे दिवाळी आणि ५ नोव्हेंबरचा गाय फॉक्स (इथली फटाक्यांची रात्र) मागेपुढे येतात, आठवडाभर धडामधूम चालू असते. हेडफोन वगैरे आणून ठेवले. फटाक्यांचं त्याला काहीच नाही! घाबरला तो अंधाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार-पाचला काळोख, आणि हा चप्पल काढून अंथरुणात जाऊन पडायचा आणि मुसमुसायचा, आम्हाला कळेचना. आमच्या ओळखीच्या एका उडिया बाईंनी फोनवर त्याच्याशी बोलून उलगडा केला. त्याला वाटायचं अंधार पडला, दिवे घालवायची वेळ झाली, म्हणजे आज जेवण नाहीच. रोज!! मग चार वाजताच ताट दाखवायचं, बघ हे तुझं, सात वाजता. आकाशकंदील मार्चपर्यंत उतरवला नाही, शेजारी विचारून दमले.

*

मी आजी, नाशिकची. सूनबाईने हे वाचायला पाठवले म्हणून लिहिते, टायपिंगच्या चुका माफ करा. नात घरी आली म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसावर गेले होते, एवढे लाडू बांधून नेले, आणि विमानतळावरून घरी जाताना गाडीतच मुलगा म्हणतो आई, तिला भरवायचं नाही, उचलायचं नाही, पडली तरी आधी आम्हाला जवळ घेऊ दे. मला फार लागलं हो. मी म्हटलं मग बोलावलंत कशाला, भांडी घासायला? दोन दिवस बोलले नाही कुणाशी.

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान. तेलाची वाटी बघूनच पोरीने घर डोक्यावर घेतलं. माझ्या हातात असती तर धरून लावलं असतं, आमच्यावेळी तसंच होतं. सूनबाई जमिनीवर बसली, आपला तळहात पुढे केला, वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाली तू मला लाव. बराच वेळ गेला, पाणी गार झालं. मग लावलं तिने, एक बोट. मी दारातून बघत होते. पाडव्याला ती माझ्याकडे येत होती, पण निघताना आधी आईकडे बघितलं, आईने मान हलवली मग आली. तेव्हा कळलं ही दोघं काय करतायत ते.

तरी एखादा घास मला भरवू दिला असता तर काही बिघडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

*

मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं मावशी होते, आता सोडलं. दिवाळी म्हणजे आमच्याकडे लोकांची जत्रा. फराळाचे डबे इतके यायचे की मुलांची पोटं बिघडायची, मग डिसेंबरात काहीच नाही. पाहुणे आले की मुलं आपणहून रांगेत मांडी घालून बसायची, "थँक यू दादा, थँक यू ताई" एका सुरात, फोटो, की पाहुणे गेले. वाढदिवसाला तसंच, वर्षश्राद्धालासुद्धा तसंच. लोक वाईट नव्हते. पण मुलाला एवढंच समजतं की नवे कपडे घालून, खाऊ घेऊन जो येतो तो जातो.

म्हणून एक सांगते, पहिल्या वर्षी पाहुण्यांनी आणलेलं पाहुण्यांच्या हातून देऊ नका. बाजूला ठेवा, ती माणसं गेल्यावर तुमच्या हातून द्या. आणि आम्ही सोबत फोटोंचा अल्बम दिला असेल तर तो सणाच्या दिवशी लपवू नका. आठवण येते त्यांना आमची, येऊ दे.

*

नेदरलँड्स. मुलगा २०१९ ला आला. (पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत इथल्या सरकारने परदेशातून दत्तक घेणं थांबवलंच, जुन्या केसेसच्या चौकशीत गैरप्रकार निघाले म्हणून. त्यावर बोलायला वेगळा धागा लागेल.) इथे ५ डिसेंबरला सिंटरक्लास, म्हणजे सँटासारखाच मुलांना भेटी देणारा, पण घोड्यावरून येणारा. मुलं आदल्या काही रात्री बूट मांडून ठेवतात, घोड्याला गाजर वगैरे, छान असतं. जुनी धमकी अशी की खोडकर मुलांना तो पोत्यात घालून स्पेनला नेतो. हल्ली मोठी माणसं हे बोलत नाहीत, पण वर्गातल्या एका पोराने सांगितलंच. आमचा तीन रात्री बूट घालून झोपला. बाकी मुलांसाठी ती गंमत, ह्याला अनोळखी माणसांबरोबर परक्या देशात जाऊन आल्याला वर्षही झालं नव्हतं. तुमच्याकडे सँटाची ती गुड-बॅड लिस्ट असते ना, ती आधीच फाडून टाका.

*

धागाकर्ती परत. सगळ्यांना थँक्स, आजींना स्पेशल.

दिवाळी तिघांतच केली. परकर-पोलकं घातलं नाही, टोचतं म्हणाली. सोशल वर्करची व्हिजिट नेमकी त्याच आठवड्यात (पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रिपोर्ट जातो ना), ती बाई फाईल उघडून बसली तशी लेक मांडी घालून तिच्यासमोर ताठ. आधी लक्षात आलं नसतं, मावशींचं वाचलं होतं म्हणून आलं. मी जाऊन तिच्या शेजारी तशीच मांडी घातली, नवरापण बसला, सोशल वर्कर गोंधळली.

डॅलस रद्द. जाऊबाई फुगल्यात.

आणि उशीच्या अभ्र्यात चकल्या सापडल्या, सात. काढल्या नाहीत, एक छोटा डबा दिला तिच्या नावाची चिठ्ठी लावून. रोज रात्री उघडून मोजते, खात नाही. मऊ पडल्यात आता, बदलून ताज्या ठेवू का विचारलं तर म्हणाली, ह्याच.